फळ्यावर आलेला शब्द

गुणाजी घाडी मॅट्रिकला इंग्रजीत नापास झाला. दोनदा. तिसऱ्यांदा बसायच्या आधीच मामानं त्याला मालवणकडच्या गावातून मुंबईला आणलं आणि मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर लावलं. परीक्षा राहिली ती राहिलीच. इंग्रजी मात्र त्याच्या डोक्यातून गेलं नाही.

आमची चाळ घाटकोपरला, भटवाडीच्या चढावर. मी इंग्रजी वाङ्मय घेऊन बी.ए. झालो तेव्हा गुणाजी चाळिशीला आला होता. आमची मैत्री त्याच वर्षी झाली. चाळीत मला सगळे 'बी.ए.' म्हणायचे. नोकरी नव्हती, त्यामुळे त्या हाकेत थट्टा असायची. गुणाजी मला मास्तर म्हणायचा. त्यात थट्टा नव्हती.

त्याच्याकडे एक जाड पुस्तक होतं. रद्दीवाल्याकडून आणलेलं, कव्हर गेलेलं. इंग्रजी शब्द कुठून आले ते सांगणारं. तो ते मांडीवर घेऊन दारात बसायचा. बोट एकेका ओळीवरून फिरायचं. अडलं की मला हाक.

"मास्तर, हे 'ओ.एफ.' म्हणजे काय रे?"

"जुनी फ्रेंच, गुणादा."

"म्हणजे हा शब्द फ्रान्सवरून आला?"

"आधी फ्रान्सला. त्याच्या आधी रोमहून."

"बापरे. आम्ही मालवणवरून आलो तर केवढं वाटतं."

या नादाची सुरुवात डंगरीपासून झाली होती. मिलमध्ये जाड कापडाला डंगरी म्हणत. त्याचा विलायती कामगारांसाठी पोशाख व्हायचा. पुस्तकात गुणाजीला सापडलं की हे नाव आपल्या डोंगरीवरून पडलं. तो मला सांगायला धावत आला होता. "डोंगरी रे, आपली डोंगरी! मेल्या, इंग्रज डोंगरी अंगात घालून फिरतो!" त्या दिवशी तो दिसेल त्याला हे सांगत होता.

त्याची निम्मी माहिती कच्ची असायची. 'मॅन' हा शब्द आपल्या 'मन'वरून आला असं त्यानं एकदा ठरवलं. मी म्हटलं, असं सरळ म्हणता येत नाही. तो म्हणाला, "तुझ्या युनिव्हर्सिटीला चालत नसेल. चाळीला चालतं."

चाळीच्या तोंडाशी एक फळा होता. अक्षर चांगलं म्हणून तो गुणाजीकडे आला होता. डाव्या अर्ध्यात सूचना. पाणी कधी येणार, भजन कोणाकडे, कोण वारलं, कधी नेणार. उजव्या अर्ध्यात सुविचार. या फळ्याची एक रीत होती. ती कोणी घालून दिली नव्हती. फळ्यावर आलं की ते ठरलं. कोणी ठरवलं, कधी ठरवलं, असं विचारायचं नाही. शिमग्याची वर्गणी असो की संडास धुवायची पाळी असो, 'फळ्यावर आलंय' म्हटलं की वाद मिटायचा. माझी आईसुद्धा एवढंच म्हणायची आणि बादली उचलायची.

गुणाजी सुविचारांना कंटाळला. "सगळे सुविचार एकच सांगतात, मास्तर. चांगलं वागा. बरं, पुढे?" मग उजव्या अर्ध्यात 'आजचा शब्द' सुरू झाला.

कॅनॉपी. छत. मूळ अर्थ मच्छरदाणी. चाळीतल्या सोनूबाईची फाटकी मच्छरदाणी त्या दिवसापासून कॅनॉपी झाली. टँटलाइज. टँटलस नावाच्या राजाला देवांनी शिक्षा केली. त्याला गळ्यापर्यंत पाण्यात उभं केलं. प्यायला वाकला की पाणी खाली जायचं. हे वाचल्यावर बायका नळावर म्हणू लागल्या, "आज पण टँटलाइज केलान मेल्यानं." मी चार वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकलो. इतक्या लवकर शब्द वापरात आलेला मी तिथे पाहिला नाही.

ब्याऐंशीच्या जानेवारीत मिलचा संप सुरू झाला. चाळीतली अर्धी बिऱ्हाडं मिलची. फळ्याचा डावा अर्धा संपाचा झाला. मोर्चा कुठून निघणार, तांदूळ कुठे वाटणार. आमच्या चाळीची संपसमिती होती. तिचा म्होरक्या धाकू राऊळ. गुणाजीच्याच गावचा, आवाज मोठा, मन वाईट नाही. गुणाजीनं एकदा 'सॅलरी' लिहिलं. मूळ शब्द मीठ. धाकू फळ्यासमोर उभा राहून ओरडला, "निदान मीठ तरी द्या म्हणावं मालकाला!" सगळे हसले. तेव्हा हसू यायचं.

दिवाळी कोरडी गेली. त्यानंतरच्या आठवड्यात गुणाजीनं 'बॉयकॉट' लिहिला.

त्यात विशेष काही नव्हतं. संपात हा शब्द रोज कानावर पडायचा. गुणाजीला पुस्तकात दिसलं की हे कोणा माणसाचं नाव आहे. त्याला ते गमतीचं वाटलं. त्यानं लिहिलं ते मला अजून पाठ आहे.

'बॉयकॉट. बहिष्कार. हे एका साहेबाचं आडनाव. आयर्लंड देशात कॅप्टन बॉयकॉट हा जमीनदाराचा कारभारी होता. त्यानं कुळांवर जुलूम केला. कुळांनी त्याच्यावर हात उगारला नाही. त्याच्याशी बोलणं सोडलं. गडी शेतावर जाईनात. दुकानदार माल देईना. पत्रं पोचेनात. शेवटी साहेब देश सोडून गेला.'

"बघ मास्तर," तो हात झटकत म्हणाला, "बिचाऱ्याचं नाव कायमचं शिवी झालं."

दुपारी तो मढला गेला. तिथे ओळखीच्या एकाची होडी होती. संपाच्या दिवसांत तिच्यावर काम मिळतंय का बघायचं होतं. दोन दिवस तिकडेच राहिला. त्यामुळे फळा पुसला गेला नाही.

त्याच संध्याकाळी सहदेव पालवला कोणीतरी सायनला पाहिलं. मिलच्या जाळी लावलेल्या बसमधून उतरताना. हातात डबा.

सहदेव म्हणजे गुणाजीच्या बहिणीचा नवरा. कुंदाचा. दोघं आमच्याच चाळीत, गुणाजीपासून सहा दारं सोडून. चेंबूरला एका गॅरेजमध्ये काम मिळालंय, असं त्यानं घरात सांगितलं होतं. चाळीतही तेच. गुणाजीलाही तेच. कुंदाला सातवा महिना होता. सहदेव मिलमध्ये परत गेला त्याला एवढंच कारण होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फळ्यासमोर गर्दी होती. मी दात घासत उभा होतो. लोक गोष्ट वाचत होते. आदल्या दिवशी वाचली होती तीच. पण आता ते ती एकेक ओळ करून वाचत होते. धाकूनं शेवटपर्यंत वाचली आणि मान हलवली.

"गुणाजीला माहीत होतं," तो म्हणाला. "मेहुणा म्हणून तोंडानं बोलला नाही. पण लिहिलंन."

मी म्हटलं, "धाकूभाऊ, तो नुसता शब्द आहे."

"बी.ए., फळ्यावर आलंय ना?"

मी तोंडातला फेस थुंकला.

गुणाजी परत आला तेव्हा सगळं सुरू झालं होतं. सुगंधावहिनीनं, त्याच्या बायकोनं, दारातच सांगितलं. तो पिशवी न ठेवता नळावर गेला. मी मागोमाग.

कुंदा रांगेत होती. तिला कोणी अडवत नव्हतं. कोणी शिवी दिली नाही, कोणी हंडा लाथाडला नाही. फक्त तिचा नंबर येत नव्हता. पुढची बाई बाजूला झाली की पलीकडची हंडा लावायची. जणू मध्ये कोणी उभंच नाही. कुंदा पोटावर हात ठेवून बघत होती. पाणी गेलं. बायका गेल्या. ती रिकामा हंडा घेऊन वर आली. गुणाजीला पाहून म्हणाली, "दादा, माझा काय चुकला?"

त्यानं तो हंडा घेतला. मग धाकूकडे गेला. समितीची खोली म्हणजे धाकूचंच घर. पत्ते चालले होते.

"धाकू, मी सहदेवसाठी लिहिलं नव्हतं. मला माहीत पण नव्हतं."

"ठीक आहे रे."

"ठीक कसलं? कुंदाला पाणी मिळत नाहीये."

"तू भर ना तिचं पाणी. तू भाऊस. तुला कोण बोलतोय? तुला सगळं माफ."

"मला माफ नको. हे थांबव."

"मी कुठे सुरू केलं? गुणाजी, एक गोष्ट सांगू? इतके महिने झाले. पोरं हमरीतुमरीवर येतात. कोण गेला मिलमध्ये तर त्याचे पाय तोडायला निघतात. तुझ्या गोष्टीनं काय झालं बघ. कोणी हात लावला सहदेवला? एक ओरखडा? ही किती मोठी गोष्ट आहे!"

तो मनापासून बोलत होता. पत्ते खेळणारे मान हलवत होते. चाळीला अभिमान वाटत होता.

गुणाजीनं जाऊन फळा पुसला. उजव्या बाजूला ठळक लिहिलं, 'परवाचा शब्द फक्त माहितीसाठी होता. तो कोणालाही उद्देशून नव्हता. गु. घाडी.'

लोकांनी वाचलं. हसले. एकानं गुणाजीच्या पाठीवर थाप मारली. "हुशार आहेस. उद्या पोलीस आले तर दाखवायला झालं."

"पोलिसांचा काय संबंध?"

"तेच म्हणतोय. काहीच संबंध नाही." आणि त्यानं डोळा मारला.

मला वाटलं होतं, लिहून झालेली गोष्ट लिहून परत घेता येते. गुणाजीलाही वाटलं होतं. तो जिन्याच्या पायरीवर बसला. मग म्हणाला, "मास्तर, एक चांगला शब्द शोधायला पाहिजे. असा की माणसं जवळ येतील."

आम्ही दोघं पुस्तक घेऊन बसलो. 'नेबर' पाहिला. जवळ राहणारा शेतकरी. त्यात काही जोर नव्हता. 'कॉर्डियल' म्हणजे काळजातून. तो शब्द चाळीला ऐकूनही माहीत नव्हता. शेवटी 'कंपॅनियन' मिळाला. लॅटिनमध्ये 'पॅनिस' म्हणजे भाकरी, पाव. ज्याच्याबरोबर पाव खाल्ला तो कंपॅनियन. आणि आपला पाव हा शब्द पोर्तुगीजांनी आणला, तोही त्याच पॅनिसचा. हे मी सांगितलं तेव्हा गुणाजीचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला.

"म्हणजे आपल्या वडापावातला पाव?"

"तोच."

"मग हा लागणार. हा चाळीला लागणार."

त्यानं तो सुंदर लिहिला. खाली पावाचं चित्र काढलं. ज्यांनी एका ताटातला घास खाल्ला ते कायमचे सोबती, असं शेवटी स्वतःच्या मनानं घातलं.

चाळीला शब्द खूप आवडला. संध्याकाळी धाकूनं समितीच्या बैठकीत तो मोठ्यानं वाचून दाखवला. "कंपॅनियन म्हणजे आपण! वाटपाचे तांदूळ कोणी वाटून खाल्ले? आपण. आणि एकानं काय केलं? मिलच्या कँटीनमध्ये जाऊन एकट्यानं पाव खाल्ला." टाळ्या पडल्या. गुणाजी मागे उभा होता. लोक वळून त्याच्याकडे बघत होते. कौतुकानं. त्यानं काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. टाळ्यांत ते गेलं.

आम्हाला कॉलेजात परीक्षेला लिहावं लागायचं की साहित्यानं माणूस बदलतो. मी त्यावर पानंच्या पानं लिहिली होती. मार्कही मिळाले होते.

दरम्यान सहदेवनं मिल सोडली. बहिष्कार सुरू झाल्यावर तो आठवडाभरसुद्धा कामावर गेला नाही. तो सांगायला समितीच्या खोलीवर आला. मी तिथे होतो. तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "धाकूभाऊ, मी जाणं बंद केलं. आईशप्पथ. चुकलं माझं."

पत्ते चालू राहिले.

"धाकूभाऊ, ऐकलंत ना?"

धाकूनं पान टाकलं. त्याचे कान लाल झाले होते. तो ऐकत होता. सगळे ऐकत होते. कोणी बोललं नाही. सहदेव थोडा वेळ उभा राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "बी.ए., तू सांग रे यांना."

मी सांगितलं. "सहदेव म्हणतोय की तो आता मिलमध्ये जात नाही."

"कोण म्हणतोय?" धाकू म्हणाला.

सहदेव निघून गेला. मी धाकूला म्हटलं, "तो माफी मागायला आला होता, धाकूभाऊ. अजून काय करायचं त्यानं?"

"माफी घ्यायची म्हणजे बोलणं आलं. बोलायचं नाही असं ठरलंय."

"मग हे संपणार कसं?"

तो गोंधळला. खरंच गोंधळला. त्यानं यावर विचार केलाच नव्हता. मग म्हणाला, "गोष्टीत शेवटी काय झालं? गेला ना तो साहेब?"

"अहो, तो साहेब होता. त्याला जायला देश होता."

"यालापण गाव आहे," धाकू म्हणाला. आणि पत्ते पिसू लागला.

चाळीच्या खालच्या वळणावर भीमराज राहायचा. सोलापूरकडचा, दुसऱ्या मिलमध्ये सूतखात्यात, समितीत होता. तो धाकूपेक्षा शांत. गुणाजी त्याच्याकडे गेला. मलाही नेलं. गुणाजीला वाटलं, हा तरी ऐकेल.

भीमराजनं चहा दिला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "गुणाजीभाऊ, आमच्या आज्यावर गावानं बहिष्कार टाकला होता. मेलेलं ढोर ओढायला नाही म्हणाला म्हणून. विहीर बंद, वाण्याचं दुकान बंद, दळण बंद. तेव्हा ते इंग्रजीत काय म्हणतात ते कोणाला माहीत नव्हतं. माझी आजी सांगताना मध्येच थांबायची."

"मग तू तरी बोल सहदेवशी. तुझं बघून बाकीचे बोलतील."

भीमराजनं कप खाली ठेवला.

"काल सहदेव तुमच्या जिन्यात भेटला," तो म्हणाला. "म्हणाला, भीमराज, बरा आहेस? आणि मी तसाच पुढे गेलो. मला आजी आठवली. तरी गेलो. संपात फूट पडली म्हणतील, आणि पहिलं नाव कोणाचं घेतील ते तुला माहीत आहे. मी काय करू, सांग."

परत येताना चढावर गुणाजीनं मला विचारलं, "याला वाईट म्हणायचं की नाही, मास्तर?" मला ठरवता आलं नाही. अजून आलेलं नाही.

गुणाजीनं फळा लिहायचं सोडलं. पण रिकामा फळा राहिला नाही. समितीतल्या कोणीतरी आठवून आठवून बॉयकॉट साहेबाची गोष्ट पुन्हा लिहिली. अक्षर वाईट होतं. गोष्ट जास्त चांगली होती. तिच्यात आता एक न्हावीपण आला होता, साहेबाची दाढी करायला नाही म्हणणारा. गुणाजीनं ती पुसली. दुसऱ्या दिवशी परत आली. तिसऱ्या दिवशी त्यानं पुसली नाही.

माझ्याच घरातलं सांगतो. कुंदा भावाकडे चाळीत आली तेव्हापासून माझी आई तिला ओळखायची. तिच्या लग्नात हिनं रुखवत मांडलं होतं. मी आईला म्हटलं, "तू तरी जा." ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मला जीव तुटतो रे तिच्यासाठी." मान वर न करता. "पण उद्या आपल्या घरी कोणी आलं नाही तर?"

पौषात कुंदाला मुलगी झाली. म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात. सुगंधावहिनी तिच्याजवळ होती. बाराव्या दिवशी बारसं करायचं ठरलं. सहदेव नको म्हणत होता. गुणाजी हट्टाला पेटला. "लहान बाळावर कोण बहिष्कार टाकतो? येतील. बायका आहेत, येतील."

तो दारोदार गेला. सगळ्यांनी त्याचं नीट ऐकून घेतलं. बसायला पाट दिला. बाळ कसं आहे विचारलं. कोणावर गेलं, कुंदाला दूध आहे का, सुंठ दे म्हणावं. येणार का, एवढ्याला मात्र उत्तर मिळालं नाही. सोनूबाईनं त्याच्या हातात एक शिवलेलं झबलं ठेवलं. "मी दिलं सांगू नको हां," ती म्हणाली. "कुंदाला पण नको सांगू."

बारशाला मी गेलो. खोलीत पाळणा टांगला होता. सुगंधावहिनीनं मोठ्या पातेल्यात घुगऱ्या केल्या होत्या. साऱ्या चाळीला पुरतील इतक्या. आम्ही वाट पाहिली. व्हरांड्यातून माणसं येत-जात होती. या दाराशी आली की चालणं जरा भरभर व्हायचं.

पाळण्याच्या वरून आणि खालून बाळ द्यायला दोन बायका लागतात. एका बाजूला सुगंधावहिनी उभी राहिली. दुसऱ्या बाजूला कोणी नव्हतं. सहदेवची बहीण गावाहून आली नव्हती. कुंदा उठू लागली तर वहिनीनं तिला बसवलं. बाळंतिणीनं उठायचं नाही. मग गुणाजी पुढे झाला. बारशात पाळण्याशी पुरुष उभा राहिलेला मी तोवर पाहिला नव्हता. त्यानं दोन्ही हात पुढे केले. खाली वाकून बाळ घेतलं, वरून परत दिलं. कोणी गाणं म्हटलं नाही. वहिनीनं एकटीनंच सुरू केलं आणि दोन ओळींवर सोडलं.

"नाव सांग, दादा," कुंदा म्हणाली. "तुका एवढे शब्द येतत."

त्याचे ओठ हलले. काही आलं नाही. शेवटी कुंदानं स्वतःच सांगितलं. "नीला."

घुगऱ्या मी दोन वाट्या खाल्ल्या. गुणाजीनं खाल्ल्या. सहदेव भिंतीकडे तोंड करून बसला होता. पातेलं भरलेलंच राहिलं.

माघात ते गावी निघाले. सहदेवच्या गावी, कुडाळजवळ. तिथे एक पडकं घर होतं आणि थोडा वरकस, म्हणजे भाताला न चालणारा, डोंगर. सामान फार नव्हतं. चढावरून ट्रंक खाली न्यायची होती, म्हणून सहदेव आणि मी तिचे कान धरून निघालो. वळणावर आम्ही टेकलो तेव्हा दोन माणसं न बोलता आली. एक समितीतला होता. त्यांनी ट्रंक आमच्या हातातून घेतली आणि रस्त्यावर टेम्पोपर्यंत नेली. वर चढवली. सहदेवकडे न बघता परत गेली. माणसं व्हरांड्यात, जिन्यात, दुकानाच्या फळीवर उभी होती. माझी आई पदर तोंडाला लावून रडत होती. धाकूही होता. त्याचे डोळे ओले होते हे मी शपथेवर सांगेन. कोणी एक शब्द बोललं नाही.

कुंदा वहिनीच्या पाया पडली. गुणाजीच्या पाया पडायला वाकली, तर त्यानं तिला मध्येच धरलं. बाळ तिच्या खांद्यावर होतं. अंगात सोनूबाईचं झबलं.

"कुंदा," तो म्हणाला, "मी तुमच्यासाठी नव्हतं गो लिहिलं."

"म्हायत आसा माका."

"खरंच?"

"होय रे." तिनं बाळाचं टोपडं नीट केलं. मग सहज विचारावं तसं विचारलं, "दादा, त्या सायबाक बायल होती?"

"कोणाक?"

"त्या बॉयकॉटाक. बायल आसतलीच ना. तिचा काय झाला?"

गुणाजीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

"पुस्तकात नाय ता," तो म्हणाला. "माका म्हायत नाय गो."

ती टेम्पोत बसली.

टेम्पो उताराला लागल्यावर चाळ बोलू लागली. एकदम. जसा कोणी नळ सोडला. सगळे गुणाजीभोवती जमले. कोणी त्याचा खांदा धरला, कोणी म्हणालं, गावची हवा बाळाला चांगली, कोणी म्हणालं, तिकडे मासळी ताजी मिळते. धाकूनं त्याला घरी चहाला नेलं. तो गेला. नाही म्हणण्याएवढं त्याच्यात काही राहिलं नव्हतं.

संध्याकाळी तो माझ्याकडे आला. पुस्तक हातात होतं. "तुझ्या लायब्ररीत मोठी पुस्तकं असतात ना, मास्तर? बघशील? त्याची बायको."

मी गेलो. विश्वकोशाचा तो खंड मिळाला. त्यात कॅप्टन होता. जमीनदार होता. पीक कापायला बाहेरून माणसं आणली ते होतं, त्यांच्या पहाऱ्याला सैनिक आणले तेही होतं. त्या खंडात बायको नव्हती. मी दुसरं पुस्तक काढलं. त्यातही नव्हती. लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली.

मी परत आलो तेव्हा गुणाजी नळावर होता. एकच हंडा भरत होता. धाकू शेजारी उभा राहून त्याला काहीतरी सांगत होता. कुठल्याशा मालकानं बोलणी करायची तयारी दाखवलीय, असं काहीतरी. गुणाजी हो हो म्हणत होता. मला पाहून त्यानं भुवया वर केल्या.

मी मान हलवली. नाही.

त्यानं हंडा उचलला आणि चढाला लागला.